सिलिॲकच्या टेस्ट दोन लॅबमधून करून घेतल्या, त्याचा अनुभव

मुलगा ७ वर्षांचा, दीड वर्ष वजन जवळपास तिथल्या तिथेच, पोट सारखं फुगलेलं आणि आयर्नचं औषध नेमाने देऊनही हिमोग्लोबिन काही वर येईना. डॉक्टर म्हणाले सिलिॲकची (गहू, जव यातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते, तो आजार) तपासणी करून घ्या. आम्ही घाईत एका लॅबचं सगळ्यात मोठं पॅकेज बुक केलं, कारण त्यात टेस्टची नावं जास्त होती. हे निवडायला आमचं चुकलंच, म्हणून सविस्तर लिहितेय.

त्या पॅकेजमध्ये होतं काय, तर ग्लायाडिन अँटिबॉडी आयजीए आणि आयजीजी (हे अँटिबॉडीचे दोन प्रकार), टीटीजी आयजीए ही सिलिॲकची मुख्य रक्ताची टेस्ट, शिवाय एचएलए जीन टेस्ट. ग्लायाडिनची ती जुनी टेस्ट आता स्क्रीनिंगसाठी सुचवत नाहीत, कारण सिलिॲक नसलेल्यांचीही ती बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते. जीन टेस्टचं म्हणाल तर ती ज्या जीन शोधते त्या डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांपैकी एक साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतं आणि त्यातल्या बहुतेकांना सिलिॲक कधी होतच नाही. म्हणजे पॉझिटिव्ह आली तर काहीच ठरत नाही, दोन्ही नसतील तर मात्र सिलिॲक जवळजवळ बाद. शंका अडकून राहिली तर कामाची, पण पहिल्याच फटक्यात करायची नाही. आमच्या मुलाचं डीक्यू२ पॉझिटिव्ह, टीटीजी आयजीए अगदी शून्याला टेकलेलं, खाली छापलेलं निगेटिव्ह. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

पोटाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिलंच विचारलं, टोटल आयजीए (अंगात एकूण आयजीए किती आहे ती टेस्ट) कुठंय? एवढ्या लांबलचक पॅकेजमध्ये तीच एक नव्हती! टीटीजी आयजीए ही टेस्ट आयजीए प्रकारची अँटिबॉडी शोधते, आता ज्याच्या अंगात आयजीएच बनत नाही त्याची ती आजार असूनही निगेटिव्हच येणार ना. आणि सिलिॲकच्या पेशंटमध्ये अशी माणसं १०० मागे २-३ तरी असतात, इतर लोकांपेक्षा बरीच जास्त. टीटीजीचा आकडा इतका खाली आला हाच खरं तर इशारा होता, पण लॅबने रिपोर्टवर त्याबद्दल एक ओळ टाकली नव्हती.

मग डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. यांचं पॅकेज छोटंसं, टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए, बस. पण टोटल आयजीए कमी निघालं तर त्याच सॅम्पलवर डीजीपी आयजीजी (आयजीएऐवजी आयजीजी प्रकारची अँटिबॉडी शोधणारी सिलिॲकची टेस्ट) आपोआप करतात, पोराला परत टोचायला लागत नाही. आमचं नेमकं तेच झालं, टोटल आयजीए ७ च्या खाली, म्हणजे जवळजवळ नाहीच, आणि डीजीपी आयजीजी चांगलीच पॉझिटिव्ह. नंतर दुर्बिणीतून बायोप्सी केली, सिलिॲकच निघाला.

या लॅबचं मला सगळ्यात काय आवडलं सांगू, बुकिंगच्या फोनवरच ताईंनी विचारलं, गहू चालू आहे ना अजून? पहिल्या लॅबवाल्यांनी फक्त उपाशीपोटी या म्हणून सांगितलेलं, ज्याची या टेस्टला गरजच नाही. गहू, जव बंद केलं की अँटिबॉडी हळूहळू उतरतात आणि मग टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आम्हाला नातेवाईकांनी गहू बंद करून बघा म्हणून कितीदा सांगितलं, बरं झालं ऐकलं नाही, नाहीतर परत काही आठवडे गहू खायला घालून मगच टेस्ट करावी लागली असती.

बायोप्सी टाळता आली असती का, हे मीही विचारलं. युरोपच्या बालरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या गाइडलाइननुसार टीटीजी आयजीए नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या सॅम्पलवर ईएमए (सिलिॲकचीच आणखी एक अँटिबॉडी टेस्ट) पण पॉझिटिव्ह असेल तर मुलांमध्ये बायोप्सीशिवाय निदान करता येतं. पण त्यासाठी अंगात आयजीए असायला हवं, म्हणून आम्हाला तो रस्ता नव्हता. ही ईएमए लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघून ठरवतात, बघणाऱ्याचा हात बसलेला लागतो, पण पॉझिटिव्ह आली तर फार भरवशाची.

तक्रारी दोन. रिपोर्टला ६ दिवस लागले, आणि आकडा नॉर्मलच्या किती पट आहे ते छापत नाहीत, आपणच भागाकार करायचा. प्रत्येक कंपनीच्या किटची मर्यादा वेगळी असते त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावून काही कळत नाही, पट छापली तर पेशंटला तरी समजेल. म्हणून ५ पैकी ४.

धाकट्या मुलीची पण इथेच केली, भावाला आहे म्हटल्यावर तिलाही धोका जास्त. आयजीए नॉर्मल, टीटीजी निगेटिव्ह. तिचा गहू चालूच ठेवलाय, पुढची टेस्ट कधी करायची ते डॉक्टर सांगतील, आणि ती याच लॅबमध्ये करणार.