मिरजेची सतार: हातातून सोडवत नाही अशी

बऱ्याच सतारी हाताळल्या, पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून घेतलेल्या या सतारीइतकी वाजायला सोपी एकही नव्हती. षड्जाच्या पडद्यावरून तार थेट पंचमापर्यंत ओढा. मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मध्येच अडकत नाही, बोटालाही जाच नाही.

खरी करामत जवारीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाजात आणलेल्या झंकाराची. कारागिरानं आधी विचारलं, "खुली पाहिजे का गोल?" मी म्हटलं, गोलाकडं झुकणारी, म्हणजे झंकार कमी नि आवाज भरीव. मग घोडी कानसेनं हलकेच घासायची, तार चढवायची, कान लावून ऐकायचं, पुन्हा उतरवायची. मी चहा पिऊन आलो तरी चाललेलंच! आता बाज, म्हणजे मुख्य तार, छेडला की तरफा, म्हणजे खालच्या बारीक तारा, आपसूक बोलतात. भोपळा मंगळवेढ्याकडचा, पातळ आणि वाळलेला.

२०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नसतं मिळालं तरी मी हीच घेतली असती.

खुंट्या मात्र पावसाळ्यात फुगून अडकतात आणि उन्हाळ्यात घसरतात, घसरत्या खुंटीला चोळायला खडू जवळ ठेवा. सोबतची खोळ अगदीच फडतूस, ती वेगळी शिवून घ्या. आणि सतार पसंत करताना आधी नक्षी बघू नका, मींड ओढून बघा.