‘महाराष्ट्र शब्दकोश’: पर्यायी शब्द निवडताना आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी एका गावातील वृद्धांनी सांगितलेल्या आठवणींचे संपादन करीत आहे आणि या कामात यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ जवळजवळ रोज उघडावा लागला आहे. 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघालेला हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. माझा सगळा वापर तेथीलच आहे.

पूर्वी पुनरुक्ती टाळण्यासाठी मी एका संगणकीय साधनाने सुचवलेले शब्द घेत असे. एका परिच्छेदात ‘दुष्काळ’ चार वेळा आला, तेव्हा त्यातील दोन ठिकाणी मी ‘अवर्षण’ घातले. पुढच्याच ओळीत आजोबा ओल्या दुष्काळाविषयी, अतिपावसाने शेतातच सडलेल्या ज्वारीविषयी सांगत होते. अवर्षण म्हणजे पाऊस न पडणे. ते दुष्काळाचे एक कारण आहे, त्याचे दुसरे नाव नव्हे.

त्याहून गंभीर चूक ‘वहिवाट’ या शब्दाची झाली. ‘त्या बांधापर्यंत आमची वहिवाट होती’ या वाक्यात ‘मालकी’ बसवली, तर वाक्य सुबोध होते खरे. पण जमीन कसणे, वापरणे आणि तिचा मालक असणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी असल्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडी त्याने कधीच न केलेला दावा जातो. जमिनीच्या वादात कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अडकतात, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

या कोशाचे मोल असे, की तो नुसती समानार्थी शब्दांची रांग लावत नाही. एका शब्दाचे निरनिराळे अर्थ क्रमाने देतो, जुन्या वाङ्मयातील उदाहरणे देतो आणि शब्द विशिष्ट प्रांतातला असल्यास तसे नोंदवतो. मी आता कोशातील अर्थ मूळ शब्दाच्या जागी ठेवून संपूर्ण वाक्य मोठ्याने वाचतो. ‘आड’, ‘विहीर’ आणि ‘बारव’ यांची अदलाबदल मी याच कारणाने थांबवली, कारण बारवेत पायऱ्यांनी उतरता येते आणि आडातून पोहऱ्यानेच पाणी शेंदावे लागते.

अडचणीही आहेत. कोशाचे लेखन 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे असल्याने ‘गांव’, ‘नांव’ असे अनुस्वार लक्षात ठेवून शोध घ्यावा लागतो, आणि ठिबक सिंचनासारख्या अलीकडच्या शब्दांसाठी दुसरीकडे पाहावे लागते.

त्या परिच्छेदात ‘दुष्काळ’ आता पुन्हा चारही वेळा आहे.