लेट फी टळली नाही पण हिशोब कळला, नाशिकला शालिमारजवळच्या टॅक्सवाल्या मॅडमचा अनुभव (४ स्टार)

रिव्ह्यू मोठा आहे आणि २०२५ चा आहे, पण ज्यांचं इन्कम टॅक्स रिटर्न तारखेच्या आत भरायचं राहिलंय त्यांनी वाचा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लोनसाठी बँकेने माझ्याकडे आयटीआरची (इन्कम टॅक्स रिटर्नची) पावती मागितली. मी निवांत, कारण जुलैतच ओळखीतल्या एका माणसाला दोन्ही नोकऱ्यांचे फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) व्हॉट्सॲप केले होते, आमच्या कंपनीतल्या बऱ्याच जणांचं रिटर्न तोच भरतो. २०२५ ला रिटर्नची ३१ जुलैची तारीख वाढून १५ सप्टेंबर झाली, नंतर आणखी एक दिवस १६ सप्टेंबर, आणि प्रत्येक वेळी त्याचं एकच उत्तर, तारीख वाढलीय टेन्शन नको. इन्कम टॅक्सच्या पोर्टलला लॉगिन करून बघतो तर असेसमेंट वर्ष २०२५-२६ ला (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नाचं) काहीच नाही, रिटर्न भरलंच नव्हतं. फोन केला तर म्हणाला चुकून राहिलं, आता पाच हजार दंड लागेल पण मी अपील टाकून माफ करून आणतो, दोन हजार द्या. खरं सांगतो, मी देणारच होतो. बायको म्हणाली आधी दुसऱ्या कुणाला तरी विचार, म्हणून शालिमारला या ऑफिसात आलो.

शनिवार ११ ऑक्टोबर, दिवाळी तोंडावर, बाहेर गर्दी, ऑफिसातही गर्दी, चाळीस मिनिटं थांबलो. मॅडमनी माझं ऐकून पहिलं वाक्य काय बोलल्या तर "दादा, हे पाच हजार माफ होत नाहीत, कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका." मग समजावलं, पूर्वी जो दंड होता तो लावायचा की नाही ते अधिकाऱ्याच्या हातात असायचं, पण आता कलम २३४ एफ खाली जे लागतं ती फी आहे, तारीख गेली की आपोआप लागते, आजारी होतो, एजंट विसरला, असली कारणं तिथे चालत नाहीत. उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर पाच हजार, पाच लाखांपर्यंत एक हजार. मला वाईट वाटलं, पण निदान कुणीतरी खरं सांगितलं.

पुढचा भाग माझ्यासारख्या नोकरी बदललेल्या प्रत्येकाने नीट वाचा. मी सप्टेंबर २०२४ पर्यंत सातपूरला होतो, ऑक्टोबरपासून अंबडला दुसऱ्या कंपनीत. पहिल्या कंपनीत सहा महिन्यांचे ५,२०,०००, दुसरीत ६,२०,०००. पहिलीने २४,१८० टीडीएस (पगारातूनच टॅक्स) कापला. दुसरीला आधीच्या पगाराचा पत्ताच नव्हता कारण मी जुना पगार कळवायचा फॉर्म १२ बी दिला नाही (असा फॉर्म असतो हेच मला माहीत नव्हतं), त्यांच्या हिशोबाने माझं उत्पन्न सात लाखांच्या आत (त्या वर्षी तिथपर्यंत टॅक्स लागत नव्हता), म्हणून टीडीएस शून्य. मी वर्षभर समजत होतो दोन्हीकडे कापतायत, आपलं काही देणं नाही, उलट रिफंड येईल.

मॅडमनी पोर्टलवरचे एआयएस आणि २६ एएस (आपल्या उत्पन्नाच्या आणि कापलेल्या टॅक्सच्या नोंदी) उघडून दोन्ही फॉर्म १६ शी ताडून बघितले, मग माझ्यासमोर कागदावर पेनाने मांडलं. एकूण ११,४०,०००, त्यातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराची सरसकट सूट) वजा, राहिले १०,६५,०००. त्यावर सेससकट टॅक्स ६२,१४०. कापलेला २४,१८० वजा, म्हणजे ३७,९६० बाकी. वर्षात दहा हजार किंवा जास्त टॅक्स बाकी राहणार असेल तर तो ॲडव्हान्स टॅक्स म्हणून मार्चपर्यंत हप्त्यांनी भरायचा असतो, तो मी भरला नाही म्हणून २३४ बी चं व्याज एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचं २,६५३ आणि हप्ते चुकल्याचं २३४ सी चं १,९०९. रिटर्न उशिरा म्हणून २३४ ए चं एक महिन्याचं ३७९. आणि ती पाच हजार फी. सगळे मिळून ४७,९०० च्या घरात.

मी सुन्न झालो. पण मग त्यांनी जे केलं त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितोय. त्याच कागदावर दोन रकमांभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, तारखेच्या आत भरलं असतं तर काय वाचलं असतं ते बघा, पाच हजार फी, हे ३७९ आणि २३४ बी चा एक महिना कमी म्हणजे आणखी ३७९, एकूण ५,७५८. बाकीचं सगळं दोन फॉर्म १६ मुळे आहे, ते कसंही भरावंच लागलं असतं. टोटल ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकच होतं की त्या माणसाने मला पन्नास हजाराला बुडवलं. नाही, त्याने पावणेसहा हजाराला बुडवलं आणि उरलेलं मी स्वतः कधी दोन पगारांची बेरीज केली नाही त्याचं होतं. हे दोन्ही वेगळं करून कुणी दाखवत नाही, सगळे नुसते टोटल सांगतात.

तिथेच ई-पे टॅक्समधून सेल्फ असेसमेंटचं (बाकी टॅक्स स्वतः भरायचं) चलान काढलं, नेट बँकिंगने मी स्वतः भरलं, पासवर्ड त्यांनी मागितला नाही, मी बोलून दाखवायला लागलो तर थांबवलं. मग चलानचा नंबर टाकून रिटर्न, आणि माझ्या आधारच्या ओटीपीने तिथल्या तिथे ई-व्हेरिफाय. नुसतं सबमिट करून घरी जायचं नाही, तीस दिवसांत व्हेरिफाय नाही केलं तर ते भरलेलंच धरत नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

त्यांनी मला होम लोन आहे का, शेअरमध्ये लॉस आहे का हेही विचारलं. मला दोन्ही नाही. पण उशिराच्या रिटर्नमध्ये पगारदाराला जुनी कर पद्धत निवडताच येत नाही, म्हणजे स्वतः राहत्या घराच्या होम लोनचं व्याज, ८० सी (पीपीएफ, विमा वगैरेची सूट), घरभाडं यातलं काही मिळत नाही, आणि शेअरचा लॉस पुढच्या वर्षी ओढता येत नाही. आमच्याकडच्या एका मुलाचं तसंच झालंय, त्याला फीपेक्षा कितीतरी पट जास्त टॅक्स त्यामुळे पडला. सगळे त्या पाच हजाराचीच चर्चा करतात, याची कुणी करत नाही.

आता वडिलांचं. वडील एसटीत कंडक्टर होते, पेन्शन महिन्याला तीन हजार, बाकी सगळा पैसा एफडीत. २०२४-२५ ला १५ एच (व्याजावर टॅक्स कापू नका असा ज्येष्ठांचा फॉर्म) द्यायचा राहिला आणि बँकेने १,९२,००० व्याजावर १९,२०० कापून घेतले. त्याच एजंटने त्यांना सांगितलेलं, काका तुमची तारीख गेली, आता पाच हजार दंड भरून रिफंड मागावा लागेल, राहू द्या. आणि वडिलांनी राहू दिलं, आम्हाला बोलले पण नाहीत. मी सहज विषय काढला तर मॅडम खुर्चीतून पुढे आल्या. पेन्शन आणि व्याज मिळून २,२८,०००, म्हणजे त्या वर्षीच्या तीन लाखांच्या मर्यादेच्या आत, रिटर्न भरायची सक्तीच नाही, मग उशिराची फी पण नाही, पाच हजार नाही आणि एक हजार पण नाही. फक्त ३१ डिसेंबरच्या आत भरा, कारण त्यानंतर अपडेटेड रिटर्न असतं पण त्यात रिफंड मागता येत नाही.

मी तिथूनच वडिलांना फोन लावला. त्यांचा विश्वास बसेना, "ताई, खरंच काही भरायचं नाही ना" असं तीन वेळा विचारलं आणि मॅडमनी तीनही वेळा शांतपणे "नाही काका" सांगितलं.

वडिलांच्या आधारला जुना मोबाईल नंबर, त्यामुळे ओटीपी येईना. मग आयटीआर-व्ही (रिटर्नची सही करायची पोचपावती) ची प्रिंट काढून सही करून इन्कम टॅक्सच्या बेंगळुरूच्या ऑफिसला स्पीड पोस्टने पाठवायचं ठरलं, तीस दिवसांत तिथे पोचायला हवं. सोमवारी वडील स्वतः पोस्टात गेले आणि पावती अजून पाकिटात ठेवलीय. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात १९,२०० खात्यात आले. माझंही १४३ (१) चं इंटिमेशन (रिटर्न तपासल्याचं खात्याचं कळवणं) आलं, देणं शून्य.

फी माझी १,२०० आणि वडिलांची ५००, दोन्हीची पावती मिळाली. एक स्टार कमी का, तर संध्याकाळी सहानंतर फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला उत्तर कधी दुसऱ्या दिवशी येतं, अपॉइंटमेंटची पद्धत नाही त्यामुळे शनिवारी बसायलाही जागा नसते. तारखांच्या दिवसांत लोक आधीच घाबरलेले असतात, निदान एक नंबर लावायची सोय करा मॅडम, ही मनापासून विनंती.

आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा आहे. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून सहीच्या वेळी मी खालून फोन केला तर त्या स्वतः कागद घेऊन खाली आल्या आणि स्कूटरच्या सीटवर ठेवून सही घेतली.