नवं बिलिंग सॉफ्टवेअर, एका द्राक्ष हंगामानंतर: एफ५ ने डोकं उठवलं

नाशिकला दिंडोरी रोडला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या पावसाळ्यात जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सोडून हे घेतलं. नाव मुद्दाम देत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. जीएसटी, स्टॉक, उधारी, बॅच नंबर सगळं आहे आणि चालतंही. लिहायला बसलोय ते कीबोर्डवरच्या एफ५ बटणासाठी.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्यांना ठाऊक आहे, एफ५ म्हणजे पेमेंट, एफ८ म्हणजे सेल्स. इथे एफ५ दाबलं की स्क्रीन क्षणभर पांढरी होते आणि अर्धवट बिल साफ! ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या औषधाला काउंटरपुढे झुंबड. मखमलाबादच्या बागायतदाराचं लांबलचक बिल, एकेका औषधाचा बॅच नंबर टाकून झालेला, आणि आमच्या पोराने हमालीचे पैसे नोंदवायला एफ५ दाबलं. बागायतदार म्हणाले, "राहू द्या ना भाऊ बिल, आधी औषध द्या." बिलाशिवाय औषध द्यायचं आणि उद्या तपासणीला कोण उत्तर देणार?

सपोर्टला फोन केला. उत्तर काय, तर "सर, एफ५ दाबू नका." मी संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हरने ते बटणच कीबोर्डवरून उचकटलं. तिथे अजून खड्डा आहे.

मग भाच्याने टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामची यादी, उघडून दाखवलं. सॉफ्टवेअर एकच चालू, पण खाली वेबव्ह्यू२ च्या पाच-सहा ओळी. म्हणजे बाहेरून खिडकी यांची, आत मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर. आपण बिल बनवतो ते खरं तर एक वेबपेज. त्याचं स्क्रीन रंगवणं वेगळ्या प्रोसेसमध्ये, ग्राफिक्स वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणून एवढ्या ओळी. आणि ब्राउझरमध्ये एफ५ म्हणजे रीलोड, पान पुन्हा नव्याने उघडणं. ही ब्राउझरची बटणं बंद ठेवायची सेटिंग प्रोग्रामरच्या हातात असते, फक्त मुळात ती चालू येतात. यांनी तिकडे बघितलंच नव्हतं. पैसे घेताना मात्र बरोबर बघतात.

४ जीबी रॅमच्या आमच्या कॉम्प्युटरचाही जीव जात होता. सपोर्टवाल्यांनी नवा कॉम्प्युटर घ्या म्हणून सांगितलं. मी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून जुनी ४ जीबीची पट्टी आणून टाकली आणि काम भागलं. तेव्हा जड आहे ही तक्रार मागे घेतो.

एक गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे मराठी बिल. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा फॉन्ट लागायचा, फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अगम्य चिन्हं. आता सगळं युनिकोड आणि अक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझरचं, त्यामुळे 'द्राक्ष', 'ट्रायकोडर्मा', 'शेतकऱ्याचे नाव' सगळं नीट छापलं जातं. म्हसरूळच्या एका आजोबांनी बिल स्वतः वाचून एका बाटलीचा हिशेब विचारला. धंद्याला हे फार सोयीचं नाही, पण बरं वाटलं.

(इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मग अपडेट आलं, म्हणून पुढचं.)

एफ५ बंद झालं! मी खूश. दुसऱ्या दिवशी उधारीच्या खात्यात नाव शोधायला कंट्रोल-एफ दाबलं, तर तेही मेलं. यांच्या स्वतःच्या सर्चमध्ये पूर्ण नाव टाकल्याशिवाय काही सापडत नाही, म्हणून आम्ही सगळे कंट्रोल-एफवरच चालायचो. भाच्याने सांगितलं, ती एक सेटिंग बंद केली की रीलोड, शोध, प्रिंट, झूम, ब्राउझरची सगळीच बटणं जातात. फक्त एफ५ अडवायची सोयही आहे, पण त्यासाठी चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. यांनी एक ओळ लिहिली आणि हात झटकले. परत फोन केला तर म्हणे, "सर, तुम्हीच तर बंद करायला सांगितलं होतं."

सध्या रोज यांच्या सेल्सचा फोन येतो, तीन वर्षांचे एकदम भरा, सूट देतो. मी एकाच वर्षाचे भरणार आहे, आणि तेही कंट्रोल-एफ परत आल्यावर. कोणाला घ्यायचं असेल तर डेमोच्या वेळी अर्धं बिल भरून एफ५, कंट्रोल-आर (तेही रीलोडच) आणि कंट्रोल-एफ तिन्ही दाबून बघा, मग चेक फाडा.