शेळीचं सांगून रेक्झिन गळ्यात मारलं

कळंगुट-बागा रस्त्यावरच्या एका दुकानातून भाच्यासाठी लेदर जॅकेट घेतलं. तो भल्या पहाटे बाईकने चोर्ला घाटातून बेळगावला जातो, आणि डिसेंबरात तिथलं वारं हाडांत शिरतं. दुकानदार म्हणाला, 'भाऊ, शेळीचं अस्सल चामडं, साडेसहा हजार.' टांगलेल्या जॅकेटवर त्याने लायटरची ज्योत फिरवली, वास घ्यायला लावला. ते जॅकेट खरं होतं, हे मी आजही म्हणतो. पण भाच्याच्या मापाचं त्याने आतून आणून दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. रंग तोच, चेन तीच, कॉलरच्या आत 'जेन्युइन लेदर'ची पट्टीही तीच. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी हातात ठेवली, तिच्यावर नुसतं 'जॅकेट १'.

पहिल्याच पावसाळ्यात खांद्यांवर आणि कोपरांवर पोपडे सुटले. म्हापशाच्या बाजारात बॅगा शिवणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेलं. त्याने खिशाजवळची अस्तराची शिवण थोडी उसवली आणि कापड उलटं करून दाखवलं. आत पांढरी वीण, वर काळा पापुद्रा. नखाने ओढला तसा तो सालीसारखा निघत गेला. कॉलरमधली पट्टी तेवढी खऱ्या चामड्याची, वास यायचा तो तिचाच! हे सगळं ठरवून केलेलं आहे, आणि म्हणूनच माझा इतका संताप होतो.

परत गेलो तर वर ऐकवलं, 'तुम्ही तेल लावलं नाही, बुरशी आली.' साफ खोटं. ते जॅकेट पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनच्या रेक्झिनचं: कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो, आणि गोव्याच्या दमट हवेत हे फार लवकर होतं. बुरशी पुसली जाते, पोपडे भरून येत नाहीत.

लायटरवर विश्वास ठेवू नका. ज्योत क्षणभरच फिरवली तर पीयूही पेट घेत नाही. 'खरं चामडं पाण्याचा थेंब शोषतं' या कसोटीचंही तेच, वरून रंगाचा थर दिलेलं खरं चामडंसुद्धा पाणी शोषत नाही. खिशाच्या आत किंवा जॅकेटच्या खालच्या दुमडीजवळ न शिवलेली कड शोधा. खऱ्या चामड्याच्या कडेला आणि मागे विस्कटलेले तंतू दिसतात, विणलेलं कापड दिसत नाही. पृष्ठभागावरची छिद्रं सगळीकडे एकसारखी छापल्यागत असतील तर शंका घ्या. कारण चामड्याच्या खालच्या थरावर प्लास्टिक चढवूनही माल विकतात, आणि तिथे मागची बाजू तंतूंचीच असते.

कुठलं चामडं घ्यायचं? मेंढीचं सगळ्यात मऊ आणि हलकं, पण रस्त्यावर घासलं तर लगेच फाटतं, बाईकसाठी नको. शेळीचं पातळ असूनही चिवट, वर बारीक दाणे, आपल्या उकाड्यात मला तेच पटतं. गाईचं आणि म्हशीचं जाड, साधारण एक मिलिमीटरच्या वर. पडल्यावर वाचवतं, पण सुरुवातीला ताठ असतं आणि वजन जाणवतं. म्हशीचा दाणा जास्त ठसठशीत. चामड्याचा चुरा डिंकाने चिकटवून केलेला 'बॉन्डेड' माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

खरं मिळालं तर जूनपासून ते प्लास्टिकमध्ये कोंडू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती कव्हरमध्ये, कपाटाच्या भिंतीपासून जरा लांब टांगा. भिजलं तर पंख्याखाली सावलीत सुकवा, उन्हात किंवा इस्त्रीखाली नाही. बुरशी बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, घरात झटकली की दुसऱ्या कपड्यांवर बसते. खोबरेल चोळू नका, डाग पडतात. लेदर कंडिशनर वर्षातून एकदोनदा, अगदी पातळ हाताने.

आणि दाखवलेलंच जॅकेट घ्या. माप नसेल तर आतून आलेल्याची कड तिथल्या तिथे तपासा. बिलावर दुकानाचं नाव आणि 'शेळीचं चामडं' असं लिहून घ्या. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, पण पैसे यूपीआयने दिले होते. ती नोंद आणि उसवलेल्या खिशाचे फोटो तक्रारीला जोडले आहेत.