सामाईक भिंतीचा वाद : आधी दावा की आधी मोजणी?

दोन घरांमधल्या भिंतीवरून शेजाऱ्यांचे बोलणे खुंटले की साधारण दोन मार्ग उरतात. दिवाणी न्यायालयात मनाईचा (समोरच्याला काम करण्यापासून रोखण्याचा) दावा लावायचा, किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेऊन लोकअदालतीत तडजोड नोंदवायची. पोलीस ठाण्यात गेल्यास वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याचे सांगून बहुधा परत पाठवले जाते, म्हणून तो मार्ग येथे धरलेला नाही. आमच्या कोकणातल्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीसाठी मी हे दोन्ही मार्ग अनुभवले, आधी दाव्याचा आणि मग मोजणीचा.

दाव्याजवळ आदेशाचे बळ असते आणि ते कमी लेखू नये. भूकरमापक, म्हणजे मोजणी करणारा सरकारी कर्मचारी, हद्द दाखवतो, अतिक्रमण काढण्याचा अधिकार त्याला नसतो. शेजारी आजच पाया खणत असेल किंवा भिंत पाडायला मजूर लावत असेल, तर मोजणीची तारीख येईपर्यंत बांधकाम उभे राहून जाईल. तेथे न्यायालयात धाव घेण्यावाचून गत्यंतर नाही. हातातला ताबाच कोणी बळाने काढून घेतला असेल तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टखाली तो परत मागण्यासाठी सहा महिन्यांचीच मुदत असते, आणि मालकीच्या आधारे ताबा मागायचा झाला तरी बारा वर्षे उलटल्यावर समोरचा प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे दीर्घ ताब्यामुळे जागा आपलीच झाल्याचा, बचाव घेऊ शकतो. अशा प्रसंगी सलोख्याच्या आशेने वेळ दवडणे महागात पडू शकते.

आमच्याकडे मात्र असे काहीच घडलेले नव्हते. भिंत जुनी, मातीत रचलेली. पलीकडच्या अण्णांच्या माडाच्या मुळांनी तिच्या मधल्या भागाला पोट आले होते. ती उतरवून नव्याने बांधताना पाया कोणाच्या जागेत धरायचा, एवढाच प्रश्न होता. शब्दाने शब्द वाढला आणि आम्ही दावा लावला. न्यायालयाने दोन्ही बाजूंना ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा मला तो आमचा विजय वाटला होता. त्या दोन शब्दांचा अर्थ पहिल्या पावसाळ्यात कळला. भिंतीला अण्णांनी हात लावायचा नव्हता, तसा आम्हीही लावायचा नव्हता. दुरुस्तीच्या परवानगीसाठी अर्ज दिला, तर त्यावर म्हणणे दाखल करायला समोरच्यांना मुदत मिळाली, नंतर पुढची तारीख मिळाली, आणि तेवढ्यात आषाढ सुरू झाला. चिऱ्यांमधली माती धुऊन जाऊन सांध्यांत बोट शिरेल एवढ्या फटी पडल्या होत्या, आणि आई रोज त्या भिंतीलगतच्या वाटेने विहिरीवर जात होती. दुसऱ्या पावसाळ्यात सहा-सात हात लांबीचा भाग रात्री कोसळला. सुदैवाने तिथे कोणी नव्हते. न्यायालयाने आपले काम नियमानेच केले, याविषयी मला शंका नाही. पण जागेचा तुकडा थांबून राहू शकतो, मोडकळीला आलेली भिंत थांबत नाही. माझ्यापुरता निर्णय त्या रात्री झाला.

सकाळी चिरे उचलताना अण्णा समोर आले आणि म्हणाले, “आता मोजून तरी घेऊ या रे.” आमच्या वकिलांनीही तेच सुचवले होते, कारण हद्दीच्या दाव्यात न्यायालय बहुतेक वेळा भूमी अभिलेखच्याच अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून मोजणी मागवते. पुढे जी मोजणी व्हायचीच आहे, ती आधी का करून घेऊ नये?

आम्ही दोघांनी आपापल्या मिळकतीच्या मोजणीचे अर्ज एकाच वेळी दिले, आणि असे करावे असे मी आग्रहाने सुचवेन. एकट्याच्या अर्जावर लगतधारक (शेजारच्या जागेचा धारक) म्हणून नोटीस आली की शेजारी मोजणीकडे संशयाने पाहतो, प्रसंगी नकाशावर हरकत घेऊन निमताना मोजणीची, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीची, मागणी करतो. दोघेही अर्जदार असले की दोघेही खुणांपाशी उभे राहतात. भूकरमापकाने चुन्याची रेघ ओढली तेव्हा विहिरीकडच्या टोकाला आमची भिंत अण्णांच्या हद्दीत सुमारे नऊ इंच गेलेली निघाली, आणि रस्त्याकडच्या टोकाला तिची पलीकडची कड हद्दीपासून जवळजवळ तेवढीच अलीकडे. क-प्रतीच्या, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणाऱ्या, नकाशावर वहिवाट (प्रत्यक्ष ताबा) आणि अभिलेखाची हद्द या दोन रेषा एकमेकींना छेदताना पाहिल्यावर भांडायला फारसे काही उरले नाही.

या मार्गाचीही उणीव आहे. मोजणीचा नकाशा म्हणजे हुकूमनामा नव्हे, आणि नुसत्या नोटरीच्या कागदावर मला फारसा भरवसा वाटत नाही. म्हणून तडजोड लोकअदालतीतच नोंदवावी. दावा लावलेला नसला तरी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. चालू दावा तेथे मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही म्हणूनच अटी बारकाईने लिहाव्यात. पायाची रुंदी, उंची, खर्चाचा वाटा, पागोळ्यांचे पाणी कोणत्या बाजूला काढायचे हे सारे स्पष्ट असावे आणि क-प्रत सोबत जोडावी. मालमत्ता पत्रकावर चुलत्यांची, आत्यांची नावे असतील तर त्यांच्या सह्या आधी मिळवाव्यात. आमचे सर्वांत जास्त दिवस मुंबईच्या दोन सह्यांसाठी गेले.

शेजारी बोलायलाच तयार नसेल तर माझा अनुभव कदाचित कामी येणार नाही. पण तो अंगणात उभा राहून भांडण्याइतपत जरी बोलत असेल, तर मी आधी मोजणीचाच अर्ज देईन, आणि कोकणात तो दिवाळीच्या सुमारास देईन, म्हणजे हद्द ठरून चिरेकाम मृगाच्या आत उरकता येते.