‘लागिरं झालं जी’ संपल्यानंतर पुन्हा पहिल्यापासून बघताना

जून २०१९ मध्ये झी मराठीवरची ‘लागिरं झालं जी’ ही मालिका संपली तेव्हा आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. सातची वेळ झाली की आईचं लक्ष घड्याळाकडं जायचं आणि मग ती उगाच ओटा पुसत बसायची. गेल्या दिवाळीनंतर मी मोबाईल टीव्हीला जोडला आणि मालिका पहिल्या भागापासून लावली. रोज जेवणं झाली की बघायचो, ती उन्हाळ्यापर्यंत पुरली. परत बघावी का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

बोली आजही तितकीच गोड लागते. आधी मालिकेत गावाकडचं माणूस आलं की ते हसवण्यापुरतं. इथं तेजपाल वाघ यांनी नायक-नायिकेच्याच तोंडी आपली भाषा दिली. अज्या आणि शीतली भांडतात, रुसतात, लाजतात ते सगळं साताऱ्याच्या बोलीत. पुण्यात नोकरीला असताना ऑफिसात बोलायला बिचकणारी मी या मालिकेमुळं मोकळी बोलायला लागले, हे मनापासून सांगते.

सगळ्यात कस आहे तो अज्याच्या फौजेतल्या भरतीच्या काळात. पहाटे साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर जाऊन बघा, भरतीसाठी सोळाशे मीटर पळायची तयारी करणारी पोरं आजही दिसतील; यवतेश्वरच्या घाटातही पळताना भेटतील. शेजारचं अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगेच म्हणून ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा जिल्ह्यात वर्दीचं वेड म्हणजे काय, हे मालिकेनं अचूक पकडलंय. नितीश चव्हाणचा अज्या पळताना बघितला की मला आमचा दादा दिसतो. तोही फौजेत आहे.

म्हणूनच अज्याचा मित्र विक्या शहीद होतो तो आठवडा आमच्यासाठी फार जड होता. पहिल्यांदा तो भाग लागला तेव्हा आई ताटात घेवडा निवडत होती. ताट तसंच बाजूला सरकवून ती उठली आणि दादाला फोन लावला. तो घाबरून “काय झालं?” म्हणाला, तर ही म्हणते, “काय नाय, जेवलास का?” यावेळी तो भाग जवळ आला तसं तिनंच सांगितलं, “पुढं घे गं.” मी घेतला. रोजच्या वेळेला टीव्हीवर लागायची तेव्हा ही सोय नव्हती, आमच्यासाठी ती फार मोठी ठरली.

जिजी, म्हणजे अज्याची आजी, आता बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. ती भूमिका करणाऱ्या कराडच्या कमल ठोके २०२० मध्ये गेल्या. त्या आधी शिक्षिका होत्या. पडद्यावर मात्र आपल्याच आळीतली आजी वाटतात: पदर खोचून बोलणं, रागावताना डोळ्यांत माया.

लग्नानंतरची मालिका सलग बघताना जास्त खटकते. घरातली कारस्थानं लांबतात, मालिकेतल्या चांदवडी गावाचं मोकळं रान मागं पडतं. किरण गायकवाडचा खलनायक भैय्यासाहेब समोर आला की तेवढ्यापुरती परत धार येते. शेवट घाईत उरकला असं मला तेव्हाही वाटलं होतं, आताही वाटलं. एवढा जीव लावलेल्या माणसांचा निरोप घ्यायला अजून थोडा वेळ द्यायला हवा होता. तरी शेवटच्या भागाला आम्ही दोघीही रडलो.

पावसाळ्यात आमच्याकडं नेट सारखं जातं, त्यामुळं हिवाळ्यातच सुरुवात करा. लग्नापर्यंतचे भाग एकही न गाळता बघा, पुढचे निवडून बघितले तरी चालतील. आणि घरातलं कुणी फौजेत असेल, तर विक्याचे ते भाग लावायच्या आधी आईला विचारा.